माझ्या नावाची चिठ्ठी

चिठ्ठी मी तळहातात लपवली होती. हे आधीच सांगून टाकतो. पुढे अकोल्याची गाडी येईल, अनसिंगचं ऊन येईल, रोडगे येतील, दोराचा पूल येईल. पण ती चिठ्ठी वगळून यातलं काहीही मला खरं लिहिता येणार नाही. माझं वय अठ्ठेचाळीस. नाशिकच्या एका शाळेत मी हेडक्लार्क आहे आणि दर रविवारी आमच्या चर्चमध्ये सगळ्यांच्या आधी जाऊन खुर्च्या मांडतो. अशा माणसानं मुलांच्या उन्हाळी शिबिरात, तेही प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांमध्ये, हातचलाखी केली.

शिबिराला खरं तर मी जाणारच नव्हतो. माझी मुलगी तबिथा, घरी आम्ही तिला तबी म्हणतो, अकरावीत आहे. वाशीम जिल्ह्यातल्या काही छोट्या ख्रिस्ती मंडळ्या मिळून दर मे महिन्यात तरुण मुलामुलींसाठी पाच दिवसांचं शिबिर घेतात. तिची मावशी तिला घेऊन जाणार होती, पण निघायच्या दोन दिवस आधी मावशीचा गुडघा सुजला. बायको म्हणाली, "तुम्ही जा. तेवढंच दोघांचं बोलणं होईल."

बोलणं होत नव्हतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. चार महिन्यांपूर्वी तबीच्या वर्गात फिजिक्सच्या जर्नलचं प्रकरण झालं होतं. पाच मैत्रिणींनी एकीचं जर्नल बघून सगळे प्रयोग उतरवले, सरांनी सह्याही केल्या. कुणालाही काही कळलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तबी स्वतःहून सरांकडे गेली आणि म्हणाली, मी कॉपी केली आहे, माझी सही खोडा. मग चौकशी झाली आणि पाचही जणींना सगळं पुन्हा करावं लागलं. ज्युनियर कॉलेज माझ्याच शाळेचं, त्यामुळे ऑफिसात दिवसभर मला त्यावरून ऐकून घ्यावं लागलं. घरी येऊन मी तिला म्हणालो, "गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं असतं?"

ती म्हणाली, "मला कळलं असतं, पप्पा."

त्यानंतर माझ्या वाट्याला "हो", "नाही" आणि "जेवले" एवढंच आलं.

सकाळी अकोल्याला उतरून आम्ही वाशीमच्या गाडीत बसलो. खिडकीबाहेर नांगरून टाकलेली काळी रानं होती, बांधावर पऱ्हाटीचे (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचे) ढीग होते आणि कडुनिंब सोडला तर हिरवं काही नव्हतं. समोर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, मांडीवर कांद्याची पिशवी. तबीनं त्यांना आपली खिडकी दिली.

"कोठी चालली माय?" त्यांनी विचारलं.

"येशूच्या शिबिराला, आजी. अनसिंगजवळ आहे."

मी असतो तर "नातेवाइकांकडे" म्हणालो असतो. पंचवीस वर्षं प्रवासात मी असंच सांगत आलोय. आजीला मात्र त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"अन् हे कोन? बाप काय तुया? काहून बसले असे तोंड पाडून? शिबिराले जबरदस्तीनं नेऊन राह्यली काय तू त्याइले?"

तबी खळखळून हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा. वाशीम येईपर्यंत दोघींचं बोलणं थांबलं नाही; आजीच्या सुना, आजीची म्हैस, तबीची परीक्षा. मी डब्याच्या पंख्याकडे बघत बसलो. त्या कांदेवाल्या म्हातारीचा मला हेवा वाटला, हे लिहायला लाज वाटते, पण वाटला.

वाशीमहून काळी-पिवळी जीप मिळाली. ड्रायव्हर प्रत्येक थांब्यावर "सरका न जी, अजून दोघं बसतात" म्हणत होता आणि खरोखर बसत होते. अनसिंगच्या फाट्यावर आम्हाला घ्यायला ट्रॅक्टर आला होता. ट्रॉलीत शिबिराचा बाजार भरलेला आणि त्यातून वाट काढत एक किडकिडीत माणूस हात देत होता. हे शांतवनभाऊ. अनसिंगला शिवणकाम करतात आणि दर मे महिन्यात शिबिराचा स्वयंपाक सांभाळतात. मी ट्रॉलीत चढलो आणि मऊ पोत्यावर बसलो.

"भाऊ," शांतवनभाऊ शांतपणे म्हणाले, "टमाट्यावर बसले तुमी."

मी उठलो. पँट मागून लाल झाली होती.

"राहू द्या आता. आज चटनीच होते."

तबी पुन्हा हसली, आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली. शिबिराच्या जागेपर्यंत तिनं त्यांना जर्नलची सगळी गोष्ट सांगितली. ट्रॅक्टरच्या आवाजातही मला ती ऐकू येत होती. शेवटी शांतवनभाऊ म्हणाले, "शाबास पोरी." दोनच शब्द. चार महिने ते माझ्याजवळ होते आणि मी दिले नव्हते.

शिबिर एका आश्रमशाळेच्या इमारतीत होतं. सुट्टीमुळे वर्ग रिकामे होते. एका बाजूला मुलींच्या खोल्या, दुसऱ्या बाजूला मुलांच्या, मध्ये कडुनिंबाचं मोठं झाड आणि पत्र्याचा मांडव. मागे उघड्यावर तीन चुली. मुलं साठच्या आसपास, आम्ही मोठी माणसं सात-आठ. शिबिराचे पाळक तरुण होते. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी मला विचारलं, "साळवेकाका, तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणे. चिठ्ठ्या लिहाल?"

या शिबिराची एक पद्धत आहे. सगळ्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून स्टीलच्या डब्यात टाकतात. प्रत्येकानं एक उचलायची, आणि ज्याचं नाव येईल तो तुमचा प्रार्थना-सोबती. पाच दिवस रोज सकाळी त्याच्यासाठी प्रार्थना करायची आणि त्याला कळू न देता त्याचं काहीतरी काम करायचं. शेवटच्या दिवशी सगळे उभे राहून सांगतात, मी तुझा सोबती होतो. मोठ्या माणसांनाही सूट नाही.

मी चिठ्ठ्या लिहिल्या, घड्या घातल्या, आणि माझ्या नावाची चिठ्ठी डब्यात टाकलीच नाही. डबा मीच धरून उभा होतो. रांग पुढे सरकत होती. तबी आली, तिनं डोळे मिटून डब्यात हात घातला, आणि मी ढवळल्यासारखं करून ती चिठ्ठी तिच्या बोटांत सरकवली. मला फार काही नको होतं. पाच दिवस रोज सकाळी तिला माझं नाव घ्यावं लागावं, एवढंच.

तिनं बाजूला जाऊन चिठ्ठी उघडली आणि बराच वेळ वाचत राहिली. तिच्या तोंडावर काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

शेवटी मी माझी उचलली. नाव निघालं, शांतवन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं कडुनिंबाखाली, पायऱ्यांवर, बांधावर, जागा मिळेल तिथे एकेकटी बसली. तबी विहिरीच्या कठड्याजवळ बसली होती, डोळे मिटून. आत्ता ती माझं नाव घेत असेल, असं वाटून मला बरं वाटलं. मीही डोळे मिटले. शांतवनभाऊंसाठी प्रार्थना करायची होती. "प्रभू, शांतवन..." इथपर्यंत आलो आणि पुढे काही सुचेना. शाळेत अर्जावर रिमार्क लिहिताना अडतो तसा अडलो. डोळे उघडले तर चुलीजवळ तबी त्यांना पीठ मळायला मदत करत होती.

त्या दिवसापासून माझी कामं आपोआप होऊ लागली. टोमॅटोची पँट धुऊन, वाळून, घडी होऊन माझ्या पिशवीवर आली. बाटली भरलेली असायची. चष्म्याची एक काडी सैल झाली होती, तिला कुणीतरी बारीक दोरा गुंडाळला. कुणी, ते मला माहीत होतं. प्रत्येक वेळी आधी सुख वाटायचं आणि लगेच आठवायचं की हे तू चोरलं आहेस. शेवटी तर असं झालं, की चिठ्ठीवर ज्याचं नाव होतं त्या माणसाचाच मला हेवा वाटू लागला. त्याच्यासाठी ती हे करत होती. माझ्यासाठी तिनं केलं असतं का, ते मला कधीच कळणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी शाळेमागच्या कोरड्या नाल्यावर दोराचा पूल बांधला होता. खाली पायाला एक दोर, वर हाताला एक. खोली माणसाच्या उंचीपेक्षा थोडी जास्त, तळाशी वाळू. मुलं एकेक करून आरडाओरडा करत पलीकडे गेली. तबी मध्यावर गेली आणि वरचा दोर घट्ट धरून तिथेच अडकली. मी पुढे झालो, तोवर शांतवनभाऊ खाली वाळूत उतरून तिच्याखाली उभे होते, हात वर करून.

"पाय पाहू नको पोरी. समोरचं बाभयीचं झाड पाहा. पडली त मी हावोच खाली. अन् मी चुकलो त वाळू हाये."

ती हसत हसत पार गेली. मग मुलींनी मला धरलं, "काका, तुम्ही!" मी चार पावलं गेलो, दोर हलला आणि मी उलटा वळून परत आलो. "काकांनी फक्त मोजमाप घेतलं!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. तबी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी दुपारी अनसिंगच्या बस थांब्यावर मुलांनी पाणपोई लावली. चार माठ, ओलं फडकं, स्टीलचे पेले. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं. मुलं धावत जाऊन बसच्या खिडक्यांतून पाणी देत होती. एक शेतकरी आजोबा पटका सोडून घाम पुसत आले.

"कोनाचे पोट्टे हो तुमी?"

"आम्ही ख्रिस्ती आहोत, आजोबा," तबी म्हणाली. "शिबिराला आलोय. पाणी गार आहे, घ्या."

"हाव काय? बरं, पेला धुतला का नाही, ते सांग पयले."

तिनं त्यांच्यासमोर पेला पुन्हा विसळून दिला. ते तीन पेले प्यायले, चौथा डोक्यावर ओतला आणि माझ्याकडे वळले. "तुमी बी त्याइच्यातलेच काय?"

"मी पालक म्हणून आलोय," मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं. उत्तरही नव्हतं. आजोबांना काही फरक पडला नाही, ते बसकडे गेले. तबी पाठमोरी माठात पाणी ओतत होती. तिच्या हातातली कळशी क्षणभर थांबली, मग पुन्हा पाणी पडू लागलं.

त्या संध्याकाळी रोडगे होते. रोडगा म्हणजे कणकेचा जाड गोळा, आत एकात एक घड्या, गोवऱ्यांच्या आरात भाजलेला. वरून काळा, फोडला की आतून वाफ. त्यावर तूप, आणि सोबत वांग्याची तिखटजाळ भाजी. शांतवनभाऊ राखेतून एकेक रोडगा उकरून, गोणपाटावर आपटून राख झाडत होते आणि मुलं पाठीशी रांग लावून उभी होती. "थांबा न बे, हात भाजते का माये?" मी पाच रोडगे खाल्ले. इतकी चांगली चव आणि इतका कडवट मनुष्य, दोन्ही एकाच पंगतीत.

शेवटच्या सकाळी साक्षी झाल्या. ज्याला वाटेल त्यानं उभं राहून, देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायचं. मीही तबीच्या वयाचा असताना अशाच एका शिबिरात उभा राहिलो होतो. कायम खरंच बोलेन, असा फार मोठा शब्द दिला होता मी तेव्हा. नंतरच्या आयुष्यात, जिथे खरं बोलल्यानं काही गमवावं लागणार होतं, तिथे एकदाही बोललो नाही.

चौथ्या-पाचव्या साक्षीनंतर तबी उठली.

"मी चार महिने पप्पांशी नीट बोलले नाही," ती म्हणाली. "मला वाटायचं चूक त्यांची आहे, तर आधी त्यांनीच बोलावं. चिठ्ठ्यांची पद्धत मावशीनं सांगितली होती. गाडीत मी देवाला म्हटलं, मीच आधी बोलावं अशी तुझी इच्छा असेल तर सोबती म्हणून मला पप्पांचं नाव दे. मला वाटलं, इतक्या चिठ्ठ्या आहेत, मी सुटले." मुलं हसू लागली. "आणि चिठ्ठी उघडली तर पप्पा."

सगळा मांडव "आमेन" म्हणाला. ती सरळ माझ्याकडे आली, सगळ्यांसमोर वाकून माझे हात धरले आणि म्हणाली, "सॉरी पप्पा. मी फार ताणलं."

तिनं माझी माफी मागितली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. लोकांना वाटलं, बापाला बोलता येईना इतकं भरून आलंय.

मग सोबती उघड करायची वेळ आली. मांडवात गलका झाला. मी मागे चुलींकडे गेलो. शांतवनभाऊ मोठा गंज (पातेलं) पालथा घालत होते.

"तुमचा सोबती मी होतो," मी म्हणालो. "पाच दिवसांत तुमच्यासाठी काहीच केलं नाही."

"तुमी होते काय! म्हनलं, कोन हाये हा कंजूस." त्यांनी राखेची टोपली माझ्याकडे सरकवली. "अजून टाइम हाये. गंज घासा."

मी बसलो आणि घासू लागलो. तळाला वांग्याची भाजी करपून धरली होती. घासता घासता मी त्यांना चिठ्ठीचं सगळं सांगितलं. त्यांचा हेवा वाटत होता, हेही.

"माया?" त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "तीस वरीस झाले लोकायच्या पँटी आखूड करून राह्यलो मी. माया हेवा कोन करन?"

"मी केला."

त्यांनी तांब्या पुन्हा उचलून गंजात पाणी ओतलं. मग म्हणाले, "पन हे मले काहून सांगता? मले थोडीच फसवलं तुमी."

"तिला सांगितलं तर तिचा विश्वास मोडेल."

"तिचा विश्वास तुमच्या चिठ्ठीवर उभा हाये, असं वाटते काय तुमाले? लय मोठे झाले बाप्पा तुमी." आणि त्यांनी गंजाकडे बोट दाखवलं. "तिकडून राह्यलं."

दुपारी आम्ही निघालो. परतीचं रेल्वेचं तिकीट मूर्तिजापूरहून मिळालं होतं, म्हणून वाशीमहून एसटीनं मंगरूळपीर, कारंजा असं जायचं होतं. वाटेत तबी अखंड बोलत होती. दोराच्या पुलाबद्दल, खोलीत शिरलेल्या माकडानं पळवलेल्या वेणीच्या रिबिनीबद्दल, पाणपोईवरच्या आजोबांबद्दल. "पप्पा, ते बघा हरणं!" म्हणून तिनं माझा दंड धरला, दूर उजाड माळावर काळविटांचा कळप उभा होता. मला जे हवं होतं ते सगळं माझ्या शेजारच्या सीटवर बसलं होतं, आणि मंगरूळपीर गेलं तरी मला तिच्याकडे नीट बघता येत नव्हतं.

कारंजा लाडला उतरलो. मूर्तिजापूरची गाडी तासाभरानं होती. स्टँडसमोरच्या रसवंतीत आम्ही दोन ग्लास उसाचा रस घेतला. चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते. तबी म्हणाली, "पप्पा, देवानं इतकं लगेच उत्तर दिलं, मला अजून खरं वाटत नाही."

"ती चिठ्ठी मी दिली होती," मी म्हणालो. "माझ्या हातात लपवलेली होती. तू डब्यात हात घातलास तेव्हा मी ती तुझ्या बोटांत सरकवली."

तिनं ग्लास खाली ठेवला. फेस हळूहळू खाली बसत गेला.

"मी साक्ष द्यायला उभी राहिले तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि सॉरी म्हणाले तेव्हा?"

"तेव्हाही."

ती उठली, आपली पिशवी घेतली आणि रस्ता ओलांडून स्टँडमध्ये गेली. मी तिचाही रस तसाच सोडून मागोमाग गेलो. ती फलाटावरच्या सिमेंटच्या बाकावर एका टोकाला बसली होती. मी दुसऱ्या टोकाला बसलो. मध्ये आमची पाण्याची बाटली. घरून निघताना होतो तिथेच, किंवा त्याच्याही मागे. एवढा प्रवास करून मी काय आणलं, तर हे. तरीही खोटं सांगत नाही, पाच दिवसांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं थोडं हललं होतं.

गाडीची वेळ होत आली तेव्हा तिनं समोर बघतच विचारलं, "मग सांगितलं कशाला? मला कधीच कळलं नसतं."

तिचंच चार महिन्यांपूर्वीचं वाक्य माझ्या तोंडाशी आलं. मी ते बोललो नाही. ते तिचं होतं.

मूर्तिजापूरची गाडी फलाटाला लागली. लोक दाराशी गर्दी करू लागले. आम्ही दोघंही उठलो नाही.

"तबी," मी म्हणालो, "चिठ्ठीबद्दल मला माफ कर. आणि काल पाणपोईवर त्या आजोबांना मी सरळ उत्तर दिलं नाही, तू ऐकलंस, त्याबद्दलही. पण माझी पहिली चूक जर्नलची आहे. तू सरांकडे एकटी गेलीस. तुझ्या वयात मला ते जमलं नाही, आजपर्यंत जमलं नव्हतं, आणि माझ्या घरात माझ्याच मुलीला ते जमलं, हे मला सहन झालं नाही. म्हणून मी तुला गप्प बसायला सांगितलं. ऑफिसातल्या लोकांचं निमित्त होतं. मला तुझा हेवा वाटला होता. तू बरोबर केलंस, हे मी त्याच दिवशी म्हणायला हवं होतं. मला माफ कर, बेटा."